दगडातल्या पाण्याची चोरी

१

माण तालुक्यात पाणी चोरीला जाणं ही काही बातमी नव्हे. टँकरमधून जातं, पाइपातून जातं, आणि कागदावरून तर असं जातं की खाली ओलसुद्धा राहत नाही. पण बंद दगडातून पाणी चोरीला जाण्याचा मान पिंपरदऱ्याच्या हायस्कूलनं मिळवला, तो गेल्या डिसेंबरात, एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला.

दगड मोठ्या पेरूएवढा. करडा, निळसर झाक असलेला, अकीकाच्या जातीचा. दादासो नावाच्या मेंढपाळाला शेततळं खोदताना तो सापडला. उजेडासमोर धरला की आत पाणी हेलकावताना दिसायचं, आणि पाण्यावर एक चिमुकला बुडबुडा इकडून तिकडे पळायचा. कानाशी हलवला तर 'डुबुक' असा आवाज यायचा. दादासोनं तो जूनमध्ये शाळेला दिला. शाळेनं त्याला काचेची पेटी केली, पेटीला कुलूप केलं आणि कुलपाची किल्ली प्रयोगशाळेचा शिपाई अर्जुना याच्या करदोट्याला बांधली.

त्या सोमवारी तपासणीला आलेल्या साहेबांनी दगड कानाशी नेऊन हलवला. एकदा हलवला, दोनदा हलवला. मग ते इतकंच म्हणाले, "वाजत नाही."

मुख्याध्यापक लालासाहेब जगदाळे यांनी हलवला. वाजला नाही. उजेडासमोर धरला. आत पाणी नव्हतं. बुडबुडा नव्हता. दगड जागेवर होता आणि पेटीचं कुलूपही शाबूत होतं.

जगदाळे सरांनी तर्क लढवला. तर्क साधा होता आणि दुर्दैवानं बिनतोड होता. पेटीखाली एक फलक होता. त्यावर लिहिलं होतं, 'या दगडातील पाणी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहे. ते कोणालाही बाहेर काढता येणार नाही. — म. अ. आत्तार, निवृत्त विज्ञान शिक्षक, आटपाडी.' पाणी बाहेर काढता येत नाही, आणि या दगडात पाणी नाही. अर्थात हा दगड तो दगडच नव्हे. खरा दगड कुणीतरी लांबवला आणि त्या जागी तसाच दिसणारा कोरडा ठेवला. पेटी किल्लीनं उघडते. किल्ली अर्जुनाकडे. दुपारी तीन वाजता अर्जुनाला लेखी मेमो मिळाला.

अर्जुना एकोणीस वर्षं तात्पुरता होता. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव या बुधवारी टपालात पडणार होता. आता त्याऐवजी बुधवारी अकरा वाजता पोलीस ठाण्यात तक्रार पडणार होती.

संध्याकाळी आटपाडीत महंमद आत्तार सरांचा फोन वाजला.

"सर, मी अर्जुना बोलतोय, पिंपरदऱ्यातनं."

"बोल रे."

"दगडातलं पाणी गेलंय, सर."

"कुठं?"

"त्येच मला इचारत्यात." अर्जुना म्हणाला. "सर, राग मानू नका. पर तुमच्या एका वाक्यानं मी चोर ठरलोय."

२

आटपाडीहून पिंपरदऱ्याला स्कूटरनं तास लागतो. वाटेत जिल्हा बदलतो, खड्डे बदलत नाहीत. आत्तार सरांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, आणि त्या काळात मधल्या सुट्टीतल्या डब्यांपासून बोर्डाच्या पेपरापर्यंत इतक्या चोऱ्या उघडकीला आणल्या होत्या की आसपासच्या शाळांत काही हरवलं की आधी त्यांना फोन जाई, मग पोलिसांना. पण आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांचं स्वतःचं वाक्य उभं असल्याची ही पहिलीच वेळ.

मंगळवारी सकाळी अकराला ते प्रयोगशाळेत शिरले तेव्हा काचेच्या पेटीवर तीन रुमाल वाळत घातलेले होते. पेटीच्या मागं मंडपात लावतात तसला हॅलोजन दिवा झगमगत होता. दगड त्या उजेडात एखाद्या नवरदेवासारखा बसला होता.

"रुमाल कुणाचे?" सरांनी विचारलं.

"स्टाफचे," जगदाळे सर म्हणाले. "ते सोडा. हा दगड बघा. डिट्टो तसाच. चोर फार पोचलेला आहे."

आत्तार सरांनी दगड हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "दादासोला बोलवा."

दादासो रानातून आला, खांद्यावर घोंगडी, पायात चिखल. त्यानं दगडाकडे पाहिलं न पाहिलं तोच म्हणाला, "ह्यो माझाच."

"कशावरून?" जगदाळे सर म्हणाले. "दगड सगळे सारखेच दिसतात."

"मेंढरंबी सारखीच दिसत्यात की, सर. तुमास्नी. आवं, दीडशात आपलं कोकरू वळखू येतंय, तर एकुलता एक दगुड वळखायचा न्हाई? ही बघा ह्याच्या कानाला खाच. पहार बसली व्हती."

"ती खाचसुद्धा कुणी पाडली असेल."

यावर दादासोनं ज्या नजरेनं मुख्याध्यापकांकडे पाहिलं, ती नजर तो एरवी पावसाळी ढगांसाठी राखून ठेवत असे.

आत्तार सर वाद घालत बसले नाहीत. जूनमध्ये दगड शाळेत यायच्या आधी त्यांनीच तो आटपाडीच्या सराफाकडे तोलून आणला होता, आणि वजन प्रमाणपत्रावर लिहून ते भिंतीवर टांगलं होतं. चारशे शहाऐंशी पूर्णांक दोन दशांश ग्रॅम. प्रमाणपत्र एवढ्याचसाठी टांगतात की पुढं ते कुणी वाचू नये. सरांनी वाचलं. मग प्रयोगशाळेच्या तराजूवर दगड ठेवला.

चारशे एकोणऐंशी पूर्णांक नऊ.

"बघा! कमी भरलं! दगड दुसराच!" जगदाळे सर जवळजवळ आनंदानं म्हणाले.

"सहा पूर्णांक तीन ग्रॅम कमी," आत्तार सर म्हणाले. "म्हणजे चहाचा एक चमचा आणि वर थोडं, एवढं पाणी. आतली ती पोकळी बघा, नीट बोराएवढी आहे. तिच्यात एवढंच पाणी मावेल. जगदाळे सर, दिसायला तसाच, खाच तीच, आणि वजनानंही बरोब्बर पाण्याएवढाच कमी, असा दगड कुठल्या चोराला मिळेल?"

जगदाळे सरांनी दगडाकडे पाहिलं. फलकाकडे पाहिलं. मग आत्तार सरांकडे.

"म्हणजे दगड बदललेला नाही?"

"नाही. चोरानं दगड ठेवला," आत्तार सर हळूच म्हणाले, "आणि पाणी नेलं."

३

यानं अर्जुना सुटला नाही. उलट जास्त अडकला. जगदाळे सरांच्या मते आता हे इंजेक्शनच्या सुईचं काम होतं, आणि सुई टोचायला आधी पेटी उघडायला हवी, आणि किल्ली पुन्हा त्याच करदोट्यावर येत होती.

आत्तार सर भिंगातून दगडाची चामडी तासभर न्याहाळत बसले. भोक नव्हतं. चीर नव्हती. डिंक, लाख, मेण काही नव्हतं. होत्या त्या फक्त एकावर एक बसलेल्या केसाएवढ्या रेषा, शेकडो. पाहता पाहता सर चोरी विसरले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला होता. तो थिजताना आत वायूची पोकळी राहिली, फुगलेल्या भाकरीत राहते तशी. मग पाण्यातून विरघळून आलेली गारगोटी त्या पोकळीला आतून लेप देत बसली, एकेक थर, घाई न करता. इतक्या चिकाटीचं काम सरांनी शिक्षण खात्यात कधी पाहिलं नव्हतं.

"सर," मागून आवाज आला. विज्ञानाच्या पल्लवी मॅडम उभ्या होत्या. "माझ्यावरही संशय घ्या. म्हणजे निदान चौकशी पूर्ण होईल."

"का घेऊ?"

"मी अर्ज केला होता, एक थेंब काढून पुण्याला तपासायला पाठवावा म्हणून. नामंजूर झाला. त्यावर शेरा मिळाला, 'पाणी पुरातन असल्याने हात लावू नये.'"

"तुम्ही लावलात?"

"लावला असता तर एव्हाना माझा निबंध छापून आला असता, सर."

हे सरांना पटलं. चोरी करून गप्प बसणारा विज्ञान शिक्षक त्यांच्या पाहण्यात नव्हता.

दुसरा संशयित हरिबा. हा विहिरी फोडणाऱ्यांकडून स्फटिक घेऊन मोठ्या व्यापाऱ्यांना पोचवायचा. या दगडासाठी तो दादासोच्या वस्तीवर चारदा आणि शाळेत दोनदा येऊन गेला होता. आत्तार सरांना तो स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर सापडला. बातमी ऐकली आणि त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"पाणी गेलं? आरं देवा!"

"तुझं काय गेलं त्यात?"

"सर, असल्या दगडाला पाण्यापायी तर मान हाय! पाणी गेल्यावर तो निस्ता गोटा. मला चोरायचाच असता तर अख्खा न्हेला असता की, गड्या… म्हंजे, सर. दूध काढून घिऊन म्हस कोण ठिवतंय मागं?"

हेही पटलं. सर शाळेत परतले तेव्हा त्यांच्याजवळ तीन संशयित होते आणि एकाही संशयिताला चोरी करण्याचं कारण नव्हतं. त्यांनी टेबलावरची अभिप्राय वही ओढली. मोठ्या माणसांनी कोरड्या मनानं लिहिलेलं वाचलं की सरांचं डोकं शांत होई.

'जून. बुडबुडा मुगाएवढा आहे. गावाचे नाव उज्ज्वल. — सरपंच.'

'ऑगस्ट. हरभऱ्याएवढा बुडबुडा पाहून डोळ्यांचे पारणे फिटले.'

'ऑक्टोबर. आतील बुडबुडा चिंचोक्याएवढा असून तो पळतो. विद्यार्थ्यांनी आदर्श घ्यावा.'

'नोव्हेंबर. बुडबुडा बोराएवढा. शाळेच्या प्रगतीसारखाच वाढता राहो.'

'डिसेंबर. बुडबुडा दिसला नाही. दगड पूर्ण भरला असे समजते. अभिनंदन.'

सरांनी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. मूग, हरभरा, चिंचोका, बोर. मग त्यांनी ती अलगद मिटली. ही चोरी सोमवारी झालीच नव्हती. ती सहा महिने चालली होती, रोज, शाळेच्या वेळेत, सगळ्यांच्या देखत, आणि लोक तिच्याखाली सह्या करत होते.

४

पेटीवरचे रुमाल आता कडकडीत वाळले होते. सरांनी काचेला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"अर्जुना, हा दिवा कधीपासून?"

"पयल्या दिवसापासनं, सर. अकरा ते चार. मोठ्या सरांचा हुकूम हाय, रोज पाणी दाखवायचं म्हणून. पावसाळ्यात तर समदा स्टाफ हितंच छत्र्या वाळवायचा."

उष्णता होती, कबूल. पण उष्णतेनं पाणी जाईल ते भांड्यातून. भोक नसलेल्या दगडातून कसं जाईल? जात नाही, असं खाली फलकावर लिहिलेलं होतं, आणि लिहिणाऱ्याला सर ओळखत होते.

त्यांना उगाच अब्बांचं दुकान आठवलं. कनौजहून नवं अत्तर यायचं ते उंटाच्या चामड्याच्या कुपीतून. लहानपणी त्यांनी विचारलं होतं, काचेतून का नाही पाठवत? अब्बा म्हणाले होते, बेटा, नव्या अत्तरात पाणी राहिलेलं असतं. चामडं पाण्याला वाट देतं, तेलाला देत नाही. कुपीला भोक कुठं असतं, असं विचारल्यावर अब्बा हसले होते आणि गिऱ्हाईक आलं होतं.

सर ताडकन उठले. पाणी असं झिरपत असेल, तर शाळेत यायच्या आधी ते का गेलं नव्हतं? "दादासो, दगड शाळेत यायच्या आधी तुमच्याकडं किती दिवस होता?"

"दीड वरीस. पर त्याचं समदं आई बघायची. मला काय ठावं न्हाई."

दादासोची आई रंगुबाई वस्तीवर कोकरांना पाला टाकत होती. वय सत्तरीच्या पुढं, नजर घारीची. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"त्याला पाणी दावत हुता न्हवं?"

"दावत होते की," सर म्हणाले. "रोज अकरा ते चार. मागं मोठा दिवा लावून."

रंगुबाईच्या हातातला पाला तसाच राहिला. "दिवा? दिवा कशाला? पाणी दावायला दिवा लागतुया व्हय?"

"दिव्याशिवाय दिसणार कसं?"

"कुणाला दिसाया पायजे? आवं मास्तर, मी म्हणलं हुतं पाणी दावा. मेंढरास्नी दावताव तसं!"

आणि आटपाडीसारख्या गावात जन्म काढलेल्या, पाणी दावायला निघालेल्या कळपांनी शाळेचा रस्ता अडवलेला हजारदा पाहिलेल्या आत्तार सरांना एकदम लख्ख कळलं. गुरामेंढरांना पाणी दावणं म्हणजे दाखवणं नव्हे. पाणवठ्यावर नेऊन पाजणं.

"मावशी, दगडाला पाणी पाजायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? डोळं हायती की. पयल्या उन्हाळ्यात त्यो चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठिवला, तर आतला फुगा लय वाढला. म्हणलं, ह्याला तान लागली दिसतीय. मग टाकला मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत. दोन म्हयन्यांनी फुगा पुन्हा मुगायवढा. तवापासनं त्यो डोणीतच. दगुड असला म्हणून काय झालं, पितूया त्यो."

सर तिच्याकडे बघत राहिले. तिनं पाहिलं होतं, बदल टिपला होता, कारण शोधलं होतं, उलटा प्रयोग करून ताडून घेतलं होतं. आणि हे सगळं डोणीवर. सरांनी एकतीस वर्षं जी पद्धत फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेतली, ती या बाईनं कुणाच्या बापाला न विचारता वापरली होती. आणि सरांनी स्वतः? दगड हातात आल्यावर पुस्तक उघडलं होतं.

शाळेत परतल्यावर त्यांनी देणगीची फाइल काढायला लावली. स्वीकारपत्रावर जगदाळे सरांची वळणदार सही होती, आणि सहीच्या वर शुद्ध, निर्दोष, प्रमाण मराठीत एक ओळ होती.

चोर त्या ओळीत बसलेला होता.

५

बुधवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमले. जगदाळे सरांच्या समोर तक्रारीचा टाइप केलेला अर्ज होता. अर्जुना दाराशी उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण एकोणीस वर्षांत त्याला तिथं बसायला कुणी सांगितलं नव्हतं. पल्लवी मॅडम, दादासो आणि रंगुबाई भिंतीशी बसले होते.

"कपाट उघडा, सर," आत्तार सर म्हणाले.

काल दुपारी सगळ्यांसमोर दगड एका बादलीत पाण्यात ठेवून ती बादली जगदाळे सरांच्याच कपाटात कोंडली होती. किल्ली रात्रभर जगदाळे सरांच्या उशाखाली होती. त्यांनी दगड काढला. पल्लवी मॅडमनी तो टॉवेलनं खसखसून पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला, पुन्हा पुसला आणि तराजूवर ठेवला.

"चारशे ऐंशी पूर्णांक आठ," त्या म्हणाल्या. "सर, जवळजवळ एक ग्रॅम वाढला. एका दिवसात."

"बाहेरून ओला असेल," जगदाळे सर म्हणाले.

"हात लावून बघा."

त्यांनी लावला. दगड कोरडा होता.

"हा पाणी पितो," आत्तार सर म्हणाले. "जो पितो, तो गमावतोही. भिंगातून दिसतात त्या रेषांमधे इतक्या बारीक फटी आहेत की डोळ्याला त्या कधीच दिसणार नाहीत, पण पाण्याच्या वाफेला पुरतात. रोज पाच तास हॅलोजनसमोर बसवल्यावर ते गेलं. आधी मुगाएवढं, मग हरभऱ्याएवढं. तुमच्या अभिप्राय वहीत चोरीचा सगळा पंचनामा आहे, मान्यवरांच्या सह्यांसकट."

"पण दिवा आम्ही उगाच लावला का?" जगदाळे सर दुखावून म्हणाले. "देणगीदारांची अट होती!"

"वाचा ना ती."

जगदाळे सरांनी फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "'देणगीदारांच्या इच्छेस अनुसरून सदर दगडातील पाणी दररोज दाखविण्यात येईल.' यात काय चुकलं? या आजी स्वतः म्हणाल्या, रोज पाणी दावा. मी फक्त शुद्ध करून लिहिलं."

"सर, मेंढराला पाणी दावलं म्हंजे काय केलं?" दादासोनं विचारलं.

जगदाळे सर सातारा शहरात वाढले होते. जनावराशी त्यांचा संबंध दुधाच्या पिशवीपुरता. ते विचारात पडले. दाराशी उभ्या अर्जुनाच्या तोंडून मात्र "आगं आई गं" एवढंच निघालं.

"पाजलं, सर," तो म्हणाला. "मला 'दावा' म्हणला असता तर मी रोज पाजलं असतं. तुमी लेखी दिलं, 'दाखवा'. मी दाखवलं."

रंगुबाईला राहवलं नाही. "शुद्ध करून मारलासा की वं त्याला," ती म्हणाली.

"मावशी, त्यांच्यापेक्षा मी मोठा गुन्हेगार," आत्तार सर म्हणाले. "ते वाक्य माझं. पाणी बाहेर निघणार नाही, हे मी तपासलं नव्हतं. ऐकायला रुबाबदार वाटलं म्हणून लिहिलं. मी ते लिहिलं नसतं, तर पाणी गेल्यावर जगदाळे सरांनी दगडाकडे पाहिलं असतं, अर्जुनाकडे नाही."

"आणि ते साडेसहा कोटी वर्षांचं?" पल्लवी मॅडमनी विचारलं. "ते तरी खरं?"

"दगड साधारण तितका जुना. पाण्याचं सांगता येत नाही. जो दगड येता-जाता पाणी घेतो आणि सोडतो, त्याच्यात कुठल्या काळाचं पाणी होतं, कोण सांगणार? जमिनीत ओल असेल तेव्हा प्यायला असेल, दुष्काळात सुकला असेल. कितीदा, कुणास ठाऊक. मला माहीत नाही." हे शेवटचे तीन शब्द ते शाळेच्या इमारतीत पहिल्यांदाच बोलत होते. ते इतके सोपे असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. "पण मॅडम, मला तर हा आता जास्त भारी वाटतो. मी समजत होतो, ही एक बंद बाटली आहे. ही तर श्वास घेते. तुम्ही रोज वजन करा, लिहून ठेवा. आतली पोकळी पुन्हा भरेलच असं नाही. पण भरली तर तुमच्या निबंधाचा मी पहिला वाचक."

जगदाळे सरांनी तक्रारीचा अर्ज उचलला, दोनदा फाडला आणि टोपलीत टाकला. माणूस वाईट नव्हता, फक्त व्याकरणाचा फार होता.

"ठीक आहे, अर्जुना," ते म्हणाले. "झालं गेलं विसरून जा. जा कामाला."

अर्जुना हलला नाही.

"काय रे?"

"सर, लेखी द्या."

"काय लेखी?"

"मी चोर न्हाई म्हणून. चोर हाय ते तुमी लेखी दिलं हुतं. माझ्या बायकोनं वाचलं ते, भावकीनं वाचलं. आता तोंडी कसं चालंल?"

"अरे, पण सगळ्यांसमोर सांगितलं ना आत्ता!"

"द्या लिहून, जगदाळे सर," आत्तार सर म्हणाले. "खाली माझंही दोन ओळींचं लिहितो, चूक माझी होती म्हणून."

"तुमचं नगं, सर," अर्जुना म्हणाला. "तुमी आलासा. त्यात समदं आलं."

जगदाळे सरांनी कोरा कागद ओढला. लिहायला बराच वेळ लागला. 'गैरसमज' लिहिलं, खोडलं. 'चूक' लिहिलं, आणि ते मात्र राहू दिलं. सही केली, शिक्का मारला आणि कागद टेबलावरून पुढं सरकवला.

अर्जुनानं तो उभ्यानंच वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. एक टोकाची खुर्ची ओढून तो तिच्यावर बसला, कोपऱ्यातलं जावक रजिस्टर त्यानं मांडीवर घेतलं, पट्टी लावून दोन ओळी आखल्या आणि वर बघितलं.

"ह्याला दोनशे चौदा नंबर पडतोय, सर," तो म्हणाला. "आणि माझ्या प्रस्तावाला दोनशे पंधरा. दोन्ही आजच्याच टपालात घालतो."